नोंदणीआधीचे २८ दिवस

नागपूरहून अमरावती रोडला लागलं की थोड्याच वेळात वाडी येते. अंबाझरीच्या आयुध निर्माणीचा शेजार, ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, खडगाव रोडवर ट्रकांची ये-जा आणि दत्तवाडीसारख्या वस्त्यांत कामासाठी बाहेरगावाहून येऊन स्थिरावलेली घरं. अशा घरातल्या बाईला दिवस गेले की सरकारी दप्तरातली तिची पहिली नोंद बहुधा आशाताईंमुळे होते. वजन, रक्त, कार्ड, गोळ्या. ही नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली तर ती वेळेवर झाली, असं आपली व्यवस्था मानते. तेवढं साधण्यासाठी आशाताई उन्हातान्हात किती खेटे घालतात हे ज्यांनी पाहिलंय, ते या कामाला कमी लेखणार नाहीत. पण बाळाची मज्जासंस्था बारा आठवडे वाट पाहत नाही.

गर्भधारणेनंतर अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या पाठीवर पेशींची एक चपटी पट्टी जाड होऊ लागते. मेंदू, मज्जारज्जू, सगळं या पट्टीतून घडायचं असतं. पट्टीच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडा जुळाव्यात तशा जुळून तिची नळी होते, हीच मज्जानलिका. जुळणी बाविसाव्या दिवसाच्या आसपास मानेच्या भागात सुरू होते आणि तिथून वर आणि खाली सरकत जाते. डोक्याकडचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं अठ्ठाविसाव्या. गर्भ तेव्हा जेमतेम चार मिलिमीटरचा असतो. वरचं तोंड उघडं राहिलं तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटीचा माथा घडतच नाहीत आणि असं मूल जगत नाही. खालचं राहिलं तर मणक्याला फट राहते. ती मोठी असेल तर पायांतली ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जन्मभरासाठी जाऊ शकतो.

आता हिशेब करू. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेआधीचे साधारण दोन आठवडेही त्यात धरलेले असतात. नळी मिटते तेव्हा दवाखान्याच्या भाषेत सहावा आठवडा चालू असतो. पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक घरांत तोवर सासूलाही कळलेलं नसतं. कित्येकदा त्या बाईलाही नाही. अगदी वेळेवर झालेली नोंदणीसुद्धा या मुदतीनंतर कित्येक आठवड्यांनी होऊ शकते.

त्या इवल्या नळीत पुढे जे घडतं ते मला शरीरविज्ञानातलं सगळ्यात थक्क करणारं प्रकरण वाटतं. आतल्या भिंतीलगत पेशी विभागत राहतात. त्यांतल्या काही लांबलचक होऊन भिंतीच्या आतून बाहेरपर्यंत ताणलेल्या असतात, आणि नव्याने जन्मलेल्या चेतापेशी त्यांच्या आधाराने सरकत आपापल्या थरात जाऊन बसतात. कडा जुळताना माथ्यावरच्या काही पेशी निसटतात आणि अंगभर पांगतात. आतड्यांतलं चेतातंतूंचं जाळं आणि कातडीला रंग देणाऱ्या पेशी यांचं माहेर तेच. आधाराच्या पेशींचीही मोठी बिरादरी आहे. काही चेतापेशींचं पोषण सांभाळतात, तर काही तंतूंभोवती मायलिनचं वेष्टन गुंडाळतात. झाडलोट करणाऱ्या मायक्रोग्लिया तर मुळात या नळीच्या नाहीतच. त्या गर्भाच्या पीतककोशातून येऊन मेंदूत वसतात. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जी मोजणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. आधाराच्या पेशी जवळपास तितक्याच. त्याआधी वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकं त्या दसपट असल्याचं सांगत होती.

इतक्या वेगाने पेशी विभागायच्या तर प्रत्येक वेळी डीएनएची नवी प्रत लागते, आणि ती घडवायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं. याचा शोध आपल्याच मुंबईत सुरू झाला, ही गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरण्यांच्या त्या शहरातल्या गरीब गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत होता. विल्सबाईंनी त्यांचं खाणंपिणं तपासलं, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि १९३१ मध्ये जाहीर केलं की यीस्टचा स्वस्त अर्क दिला की हा आजार हटतो. त्या अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं. १९४१ मध्ये तो पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा झाला, आणि १९४५ मध्ये भीमावरममध्ये जन्मून पुढे अमेरिकेत गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या प्रयोगशाळेत संशोधन पाहत होते, तिथे तो कृत्रिमरीत्या तयार झाला. तेच फॉलिक ॲसिड.

मज्जानलिकेशी त्याचा संबंध पक्का व्हायला १९९१ उजाडलं. ज्यांना आधी मज्जानलिकेचा दोष असलेलं बाळ झालं होतं अशा बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेने १९९८ पासून पिठात ते मिसळणं सक्तीचं केलं. ज्या देशातल्या बायकांच्या रक्तातून हा धागा सापडला, त्या देशात आजही बहुतेक बायकांच्या हाती फॉलिक ॲसिडची गोळी नळी मिटल्यावर पडते. याची मला चीड येते.

कुणी म्हणेल, शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळतेच की. मिळते, आणि पंडुरोगासाठी ती मोलाची आहे. पण तिच्यात फॉलिक ॲसिड अर्धा मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पाळी येणाऱ्या स्त्रियांच्या साप्ताहिक गोळीसाठी २.८ मिलिग्रॅम सुचवलेलं आहे. गर्भधारणेआधी रोज घ्यायचं तर ०.४. म्हणजे आपल्या मुली आठवडाभरात जेवढं घेतात, तेवढं जवळपास एका दिवसाचं.

एकट्या फोलेटनेही भागत नाही. ते पेशीत कामी यायला बी-१२ लागतं, मायलिनच्या वेष्टनालाही तेच लागतं, आणि भाजी-भाकरीत ते नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतच असतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातून १९९३ मध्ये जवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. त्यात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी निघालं. पुढे याच अभ्यासात जन्मलेली मुलं-मुली वयात आल्यावर त्यांतल्या काहींना लग्नाआधीपासूनच रोज थोडं बी-१२ दिलं गेलं. ते घेतलेल्या मुलींची बाळं दोन-तीन वर्षांची झाली तेव्हा समज आणि भाषा यांच्या चाचण्यांत, औषध नसलेल्या गोळ्या घेणाऱ्या मुलींच्या बाळांपेक्षा पुढे होती.

म्हणून वाडीतलं काम गरोदरपणाच्या कार्डाच्या बरंच आधी सुरू व्हायला हवं: दहावी-बारावीच्या वर्गांत आणि कामावर जाणाऱ्या तरुण मुलींत. लग्न ठरलं की दोन्ही घरांत हॉल, कपडे, दागिने यांच्या याद्या होतात. त्या यादीत फॉलिक ॲसिडची पट्टी आणि बी-१२ची तपासणी आशाताईंनी लिहून द्यावी, आणि नवऱ्यामुलाच्या घरानेही ती वाचावी. ज्या घरात आधी मज्जानलिकेचा दोष असलेलं मूल झालंय, तिथे पुढच्या खेपेला मात्रा दसपट असते. ती डॉक्टरांनी ठरवायची, आणि त्यासाठी त्या बाईने पाळी चुकण्याची वाट न पाहता आधीच दवाखान्यात जायचं.