विसरणाऱ्यास खरें सांगावें काय?

आजाऱ्यांच्या भेटीस जाणें हें आमच्या मंडळ्यांतील बंधुभगिनींस नवें नाहीं. परंतु ज्याची स्मरणशक्ति क्षीण झाली आहे अशा वृद्धाच्या खाटेपाशीं बसणाऱ्यापुढें एक कठीण प्रश्न उभा राहतो. त्याचा आज विचार करूं.

कुर्ल्याची स्वदेशी मिल सन २००० मध्यें बंद पडली. कल्पना करा कीं, तेथला एक जुना साचेवाला कुर्ल्याच्याच भाभा रुग्णालयांत पडून आहे. सायंकाळीं तो एकाएकीं उठून म्हणतो, "रात्रपाळीचा भोंगा झाला. माझा डबा कोठें आहे?" जवळच्या स्वयंसेवकानें काय उत्तर द्यावें? "बाबा, मिल केव्हांच बंद झाली," असें म्हटलें, तर त्याची भाकर त्या घटकेस नव्यानें जाते. आणि उद्यां पुन्हा जाईल. "आज सुट्टी आहे," असें म्हटलें, तर तो निजेल. पण तें खोटें आहे.

कित्येक म्हणतात, "तो घटकेंत विसरणार, मग खोट्यानें काय बिघडतें?" हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. ज्या न्यायानें खोटें चालतें त्याच न्यायानें दटावणेंही चालेल, कारण तेंही तो विसरेल. शिवाय प्रसंग विसरला म्हणजे भावना गेली असें नाहीं. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, अल्झायमरच्या रुग्णांस चित्रपटांतील प्रसंग आठवेनासे झाले, तरी त्यांपासून झालेलें दुःख वा आनंद मनांत टिकून राहिला. कठोरपणें सत्य बोलणाऱ्यानेंही हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या मतें तिसरा मार्ग आहे. शब्दांमागील गरज ओळखावी. डबा मागणारा म्हातारा बहुधा हेंच विचारीत असतो कीं, "मी अजून कोणाच्या उपयोगी आहें काय?" "बाबा, तुम्ही किती साचे सांभाळीत होतां? बसा, मला सांगा," हें उत्तर खरेंही आहे आणि दयेचेंही आहे. त्यानें स्वतः सरळ विचारिलें, तर हात धरून हळूच खरें सांगावें. भयानें थरथरणाऱ्यास कोणी "आज सुट्टी" म्हणालाच, तर त्यास आम्ही दोष देणार नाहीं. मात्र ती पहिली वाट नव्हे.

आणखी एक गोष्ट. आजारपणांत अकस्मात् झालेला भ्रम हा पुष्कळदां निराळाच विकार असतो. तो दिसतांच परिचारिकेस कळवावें. अमेरिकेंतील येल येथील डॉक्टरांनीं ७० वर्षें व त्यांवरील ८५२ रुग्णांची पाहणी करून १९९९ सालीं लिहिलें कीं, नेहमींच्या व्यवस्थेंत शेंकडा १५ जणांस असा भ्रम झाला, विशेष शुश्रूषेंत शेंकडा ९.९ जणांस. ती शुश्रूषा कोणती? वार व ठिकाण सांगणें, चष्मा हाताशीं देणें, पाणी पाजणें, चार पावलें चालविणें, रात्रीं शांत निजूं देणें. ह्यांतील बरेंचसें काम शिकविलेले स्वयंसेवक करीत होते.

वार व ठिकाण सांगणें हें सत्य सांगणेंच होय. म्हणून रुग्णालयांत जाणाऱ्या प्रत्येकानें असें सत्य न कंटाळतां दहा वेळां सांगावें. आणि जें सत्य केवळ घाव घालील, तें विचारल्यावांचून पुढें करूं नये.