ऐकणारे अंतःकरण

सामान्य काळातील सतरावा रविवार
वाचने : 1 राजे 3:5, 7-12; रोमकरांस पत्र 8:28-30; मत्तय 13:44-52



पेरण्या आटोपल्या आहेत. पांझरेला पाणी किती आले, लाटीपाड्याचे धरण भरेल का, हाच विषय सध्या घरोघरी आहे. याच दिवसांत आपल्या पाड्यांवर मुकादमांच्या फेऱ्याही सुरू होतात. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत कोण जाणार, टोळीत किती कोयते असणार, उचल किती मिळणार, हे सारे पावसाळ्यातच ठरते. आपल्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबे अशी उचल घेऊन जातात. काही बंधू स्वतः मुकादम आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणी कांदा मार्केटात हमालांच्या टोळीचा प्रमुख आहे, काही भगिनी बचत गट चालवितात, कोणी पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहे.

'नेता' हा शब्द कानावर पडला की आपल्याला निवडणुकीचे फलक आठवतात. परंतु ज्याच्या शब्दावर दोन माणसे जरी कामाला लागत असतील, तो त्या दोघांचा नेता आहे. म्हणून आजचे पहिले वाचन फक्त राजांसाठी नाही, ते आपल्यासाठीही आहे.

शलमोन नुकताच गादीवर बसला आहे. गिबोन येथे परमेश्वर त्याला स्वप्नात दर्शन देतो आणि हवे ते मागायला सांगतो. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, संपत्ती मागत नाही, शत्रूंचा नाशही मागत नाही. मी अजून लहान आहे, कसे वागावे हे मला कळत नाही, अशी कबुली तो आधी देतो. मग तो लोकांचा न्याय करण्यासाठी आणि बरे-वाईट ओळखण्यासाठी समंजस अंतःकरण मागतो. मूळ हिब्रू भाषेतील शब्दांचा सरळ अर्थ 'ऐकणारे अंतःकरण' असा आहे. जो राज्य चालविणार, त्याने आज्ञा देणारे तोंड मागितले नाही, ऐकणारे अंतःकरण मागितले. आणि हे मागणे परमेश्वराला आवडले.

ही गोष्ट येथे संपत नाही. त्याच पुस्तकाचा बारावा अध्याय आपण घरी वाचावा. शलमोनाने पुढे मोठी बांधकामे केली आणि त्यासाठी लोकांना वेठीला धरले. मागून घेतलेले दानसुद्धा जपावे लागते, हे तो विसरला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा रहबाम शखेमला आला. लोकांनी त्याला विनंती केली की, तुमच्या वडिलांनी आमच्यावर घातलेले जड जू हलके करा, म्हणजे आम्ही तुमची सेवा करू. रहबामाने तीन दिवसांची मुदत मागितली. वडीलधाऱ्यांनी त्याला सल्ला दिला की, आज तू या लोकांचा सेवक झालास आणि त्यांच्याशी गोड बोललास, तर ते कायमचे तुझे होतील. त्याच्याबरोबर वाढलेल्या तरुणांनी मात्र आणखी कडक व्हायला सांगितले. रहबामाला तेच आवडले. तिसऱ्या दिवशी तो लोकांशी कठोरपणे बोलला. परिणाम काय झाला? दहा वंश त्याला सोडून गेले. वेठीच्या मजुरांवर नेमलेल्या अदोरामाला त्याने लोकांकडे पाठविले, तेव्हा लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. राजाला रथात बसून पळ काढावा लागला.

बंधू-भगिनींनो, बापाने ऐकणारे अंतःकरण मागितले आणि राज्य स्थिर झाले. मुलाने ऐकले नाही आणि एका भेटीत राज्य तुटले. येथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. रहबामाला कान नव्हते असे नाही. त्याने दोन्ही बाजूंचे ऐकले, पण मनाला गोड वाटले तेवढेच उचलले. जू ज्यांच्या मानेवर होते त्यांचे बोलणे त्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचलेच नाही.

आता आपल्यातलीच एक हकीकत सांगतो. नावे सांगण्याची गरज नाही. दोन हंगामांपूर्वी आपल्या भागातून दोन टोळ्या दक्षिण गुजरातेत गेल्या. एका टोळीत एक तरुण भगिनी होती. तिला दिवस गेले होते. पडावावर तिला ताप भरला. नवऱ्याने मुकादमाला सांगितले. "आजची गाडी भरू दे, उद्या बघू," असे उत्तर आले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले आणि तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले. ती वाचली. पोटातले बाळ गेले.

दुसऱ्या टोळीचा मुकादम फार शिकलेला नव्हता. परंतु दर पंधरा दिवसांनी तो संध्याकाळी सर्वांना बसवून हिशेबाची वही वाचून घेई. कोणत्या कोयत्याचे किती टन झाले, उचलीपैकी किती फिटले, हे सर्वांसमोर कळे. वही वाचून झाली की तो विचारी, "आता तुमचे काय ते सांगा." कोणी आजारपण सांगे, कोणी पाण्याची तक्रार करी, कोणी त्याच्याच चुका दाखवी. त्याला राग येत नसे असे नाही, पण तो उठून जात नसे. पुढच्या हंगामात पहिल्या मुकादमाला कोयते जमविताना नाकी नऊ आले. दुसऱ्याकडे न बोलावता माणसे आली. उचल तर दोघेही सारखीच देत होते.

पहिल्या मुकादमाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. निघण्याच्या आदल्या रविवारी ती भगिनी मिस्सानंतर आम्हाला भेटली होती. "बरे वाटत नाही, जाऊ की नको?" असे तिने विचारले होते. बाहेर माणसे थांबली होती. "देव काळजी घेईल," असे म्हणून आम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेलो. देव काळजी घेतो हे खरेच आहे. पण त्या दिवशी तिचे ऐकण्यासाठी देवाने आम्हाला तेथे उभे केले होते, आणि आम्ही ऐकले नाही. म्हणून हे प्रवचन आम्ही प्रथम स्वतःला करीत आहोत.

कोणी म्हणेल, या देवळातल्या गोष्टी झाल्या, धंद्यात असे ऐकत बसले तर धंदा बुडेल. म्हणून आपल्या खानदेशातलीच दोन उदाहरणे पाहू. दोन्ही व्यक्ती ख्रिस्ती नाहीत. परंतु सत्य व चांगुलपणा जेथे दिसेल तेथे त्याचा आदर करावा, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे.

धुळे ओलांडून पुढे गेले की अमळनेर लागते. तेथे महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी काढली. 1966 साली ते अचानक वारले. त्यांचे पुत्र अझीम तेव्हा अमेरिकेत शिकत होते. वय अवघे 21. शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने त्यांना सुनावले की, हा कारभार तुम्हाला झेपणार नाही, आपले शेअर्स विकून टाका आणि कंपनी जाणत्या माणसांच्या हाती द्या. तरुण मालकाला भर सभेत असे ऐकावे लागणे किती कठीण! प्रेमजींनी तो सल्ला मानला नाही, पण ते बोल कानाआडही केले नाहीत. त्या बोलण्यानेच आपला निर्धार पक्का झाला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. तीच कंपनी आज विप्रो म्हणून जगाला माहीत आहे. 2019 साली त्यांनी कार्यकारी अध्यक्षपद सोडले, आणि त्याच वर्षापर्यंत कंपनीतील सुमारे 67 टक्के हिश्श्याचा आर्थिक लाभ त्यांनी समाजकार्यासाठी, विशेषतः शिक्षणासाठी देऊन टाकला होता. ऐकणे म्हणजे प्रत्येकाचे मानणे नव्हे. कडू बोलातले खरे तेवढे घेऊन स्वतःला घडविणे, हेही ऐकणेच आहे.

दुसरे उदाहरण जळगावचे भवरलाल जैन यांचे. ते वाकोद गावच्या शेतकरी कुटुंबातले. 1963 साली घरच्या 7,000 रुपयांवर त्यांनी धंदा सुरू केला. पुढे पाइप आणि ठिबक सिंचन यांमुळे त्यांची कंपनी शेतकऱ्यांच्या बांधावर पोहोचली. 1990 नंतरच्या दशकात मात्र शेतीशी संबंध नसलेल्या धंद्यांत हात घातल्यामुळे कंपनी मोठ्या अडचणीत सापडली. तेव्हा जैन यांनी चूक मान्य केली, ते धंदे सोडले आणि ते पुन्हा शेतीच्या मूळ कामाकडे वळले. 2016 साली त्यांचे निधन झाले. या कंपन्यांमध्ये कधी काही चुकलेच नाही, असे आम्हाला म्हणायचे नाही. पण 'माझे चुकले' हे शब्द हाताखालच्या माणसांपुढे किती मालकांच्या, किती अध्यक्षांच्या, किती धर्मगुरूंच्या तोंडून निघतात, हे आपण स्वतःला विचारावे.

आजच्या शुभवर्तमानातही एक व्यापारी भेटतो. तो चांगल्या मोत्यांच्या शोधात आहे. एक अतिमोलवान मोती दिसताच तो आपले सर्वस्व विकतो आणि तो विकत घेतो. प्रभू येशूने स्वर्गराज्याची ओळख व्यापाऱ्याच्या उदाहरणाने करून द्यावी, हे आपण व्यवहार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. धंदा करणे पाप नाही. कोणती वस्तू मोलाची आणि कोणती त्यासाठी सोडून द्यायची, हे न कळणे घातक आहे. त्या पडावावर एक गाडी ऊस मोलाचा ठरला आणि एक जीव स्वस्त झाला. तेथे मोती ओळखण्यात चूक झाली.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरूम नोवारूम' हे परिपत्रक लिहून कामगारांच्या न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1991 साली, संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी शिकविले की, नफा होणे हे धंदा नीट चालल्याचे लक्षण आहे, परंतु तेवढेच पुरेसे नाही. हिशेबाची वही बिनचूक असूनही तेथे राबणाऱ्या माणसांचा अपमान होत असू शकतो. 2025 साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच लिओ तेराव्यांची आठवण केली. कामकरी माणसाचा आवाज ख्रिस्तसभेने ऐकत राहावा, हा त्यामागील एक हेतू आहे.

मग आपण काय करावे? निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो त्याला म्हणतो की, हे बरे नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. देवभीरू, विश्वासू आणि लाच न घेणारी माणसे निवड आणि त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेम. मोशेने सासऱ्याचे ऐकले. एका माणसाचे कान सर्वांना पुरत नाहीत, म्हणून चांगला नेता ऐकणारी माणसे तयार करतो.

आमची मुकादम बंधूंना हात जोडून विनंती आहे. यंदा टोळी ठरविताना दर दहा कोयत्यांमागे एक जाणती बाई नेमा. बायकांची दुखणी बायका तुम्हाला सांगत नाहीत, तिला सांगतील. आणि तिने 'दवाखान्यात न्या' म्हटले, तर गाडी भरण्याची वाट पाहू नका. हिशेबाची वही सर्वांसमोर वाचा. बचत गटांच्या आणि पतसंस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत शेवटी बोलावे, आधी सर्वांत गरीब सभासदाला बोलू द्यावे. दुकानदारांनी हाताखालच्या मुलाला एकदा विचारावे, "तुला येथे काय त्रास होतो?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये.

आम्ही स्वतःसाठीही एक नियम केला आहे. टोळ्या निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही देवळाच्या ओट्यावर बसून राहू. जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने भेटून जावे. शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत आम्ही उठणार नाही.

ती भगिनी आजही आपल्यामध्ये मिस्साला येते. तिने कोणाविरुद्ध काही मागितले नाही. परंतु तिचे मौनही आपण ऐकले पाहिजे.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आंधळ्या बार्तीमयाची हाक गर्दीतही ऐकलीस आणि थांबलास. आमच्या हाताखाली तू दिलेली माणसे तुझी आहेत. आम्हाला शलमोनाने मागितले तसे ऐकणारे अंतःकरण दे, आणि ते शेवटपर्यंत जपण्याची कृपा दे. आमेन.