दमेकऱ्याने देश सोडावा का?

हवा मानवत नाही म्हणून दमेकऱ्याने देश सोडावा का, या प्रश्नावर भारतीय परंपरेचे एकमत नाही. आयुर्वेद म्हणतो, सोडावा. धर्मशास्त्र म्हणते, सोडू नये. संतांना देशापेक्षा मनाची चिंता अधिक, तरी साधनेची जागा निवडताना तेही हवापाणी पाहतात. ही तिन्ही उत्तरे आजही घराघरांत शिल्लक आहेत. ‘आईला तिकडेच घेऊन जातो, तिथली हवा चांगली आहे’ हे मुलाचे म्हणणे आणि ‘गोदाकाठ सोडून मरायला परमुलखात कशाला?’ हे आईचे म्हणणे, या दोहोंच्या मागे हाच जुना वाद उभा असतो.

नांदेडलगतच्या विष्णुपुरीत हा प्रश्न एका नजरेत दिसतो. गोदावरीवरचे धरण, काठावरचे काळेश्वराचे मंदिर आणि त्याच परिसरात दोन मोठ्या संस्था: श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. एकीकडून मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांतली काही पुढे परदेशी स्थायिक होतात. दुसरीकडे त्यांच्या आईवडिलांच्या वयाची माणसे छातीच्या तपासणीसाठी रांगेत बसलेली असतात. मराठवाड्याच्या हवेत दमेकऱ्याला सुखाचा असा महिना कमीच. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि फुफाटा उडतो. मृगाचा पाऊस आला की भिंतींना ओल धरते. पावसाळाभर गाजर गवत माजते. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीचा भुसा, त्यानंतर कापसाच्या जिनिंगची तूस आणि ऊसतोडीनंतर पेटवलेल्या पाचटाचा धूर. ‘आभाळ आलं की छाती भरते’ हे इथल्या दमेकऱ्यांच्या तोंडचे नेहमीचे वाक्य आहे.

हे वाक्य चरकसंहितेत जवळजवळ जसेच्या तसे सापडते. चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमक श्वास म्हणजे ढोबळमानाने आजचा दमा. ढग, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो, असे तिथे म्हटले आहे. त्या रोग्याचे वर्णन वाचताना ग्रंथकाराने रात्रभर उशाशी बसून ते लिहिले असावे असे वाटते. रोग्याला आडवे होता येत नाही. झोपला की धाप वाढते, उठून बसला की जरा बरे वाटते. गळ्यात घरघर चालते, कपाळावर घाम येतो, बोलणे जड जाते. कफाचा बेडका सुटला की घटकाभर सुख वाटते आणि गरम काही घ्यावेसे वाटते. बाजेच्या कडेला पाय सोडून, गुडघ्यांवर हात रोवून, खांदे वर ओढून पहाट होण्याची वाट पाहणारा म्हातारा ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

मात्र चरकाचा आरोग्यदायी देश हा आज ज्याला सौम्य हवामान म्हणतात तो नव्हे. कशात काय श्रेष्ठ हे सांगणाऱ्या यादीत आरोग्यासाठी उत्तम भूमी म्हणून मरुभूमीचे, म्हणजे कोरड्या प्रदेशाचे नाव येते आणि अहितकर म्हणून आनूप, म्हणजे पाणथळ प्रदेशाचे. कफाचा रोग ओलाव्यात वाढतो, हे त्यामागचे तर्कशास्त्र. त्या हिशेबाने समुद्रकाठच्या हिरव्यागार, मऊ हवेच्या शहरापेक्षा मराठवाड्याचे कोरडे पठार वाईट ठरत नाही. वाईट आहे ती त्यातली धूळ आणि धूर.

मूळ प्रश्नाला हात घातला आहे तो विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात. स्थळ पांचाल देशातले कांपिल्य, गंगेचा काठ, उन्हाळ्याचा अखेरचा महिना. पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह फिरत असताना अग्निवेशाला सांगतात की वायू, जल, देश आणि काळ हे चार बिघडले की अख्खी जनपदे ओस पडतात. या चारांत टाळायला सर्वांत सोपा वायू. मग पाणी, मग देश. काळ मात्र सर्वांत अवघड. अशा वेळी काय करावे याची जी यादी ते देतात तिच्यात सत्य, भूतदया, दान, देवतार्चन, सज्जनांची संगत आणि निरोगी जनपदात जाऊन राहणे हे एकाच ओळीत बसले आहे. हवा बदलण्यासाठी गाव सोडणे ही इथे पळपुटेपणाची गोष्ट राहत नाही, ती धर्माचरणाचाच भाग होते. नंतर अग्निवेश विचारतो, आयुष्य ठरलेले असते की नसते? आत्रेयांचे उत्तर असे की आयुष्य दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असते. ते आधीच ठरलेले असते तर औषध, मंत्र, पथ्य, इतकेच काय, चवताळलेल्या जनावरापासून दूर पळणे, सारेच निरर्थक झाले असते. पुढे ते गाडीच्या कण्याचा दृष्टांत देतात. चांगला कणा झिजत झिजत आपल्या वेळेला संपतो. तोच कणा जास्त भार, वाईट रस्ता आणि वंगणाचा अभाव यांमुळे मध्येच मोडतो. खराब हवेतला दमेकरी हा वाईट रस्त्यावरचा कणा होय.

‘नशिबात असेल ते होईल’ असे म्हणून इनहेलरचा पंप घ्यायचे टाळणारा माणूस परंपरेचा दाखला देत असतो खरा, पण निदान या परंपरेत तरी त्याला आधार नाही.

धर्मशास्त्राचा सूर वेगळा आहे. बौधायन धर्मसूत्रात पतनास कारण होणाऱ्या कृत्यांत समुद्रप्रवास मोजला आहे. पुढे कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या गोष्टींत, तर समुद्र ओलांडलेल्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही पंक्तीत घेऊ नये, इथवर मजल गेली. गंमत अशी की त्याच बौधायनाने अवंती, अंग, मगध, सौराष्ट्र यांच्याबरोबर दक्षिणापथालाही संमिश्र वंशाच्या लोकांचा देश म्हटले आहे. म्हणजे गोदावरीकाठच्या माणसाने शुद्ध भूमी सोडण्याची चिंता करावी, तर त्या हिशेबात तो मुळातच शुद्ध भूमीत नव्हता.

समुद्रबंदीचा खरा ताप सोसला तो एकोणिसाव्या शतकातल्या माणसांनी. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला निघाल्या. त्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजातल्या भाषणात, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही त्यांना जाहीरपणे द्यावी लागली. फिलाडेल्फियात 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, पण तिथल्या थंडीत प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने त्यांना गाठले. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या वारल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थींची रक्षा अमेरिकेत नेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे ठेवली गेली. बाटण्याची भीती सगळ्यांनी बोलून दाखवली. परक्या हवेत फुप्फुसाचे काय होईल याची चर्चा फारशी कुणी केली नाही.

बंदी आणि जीव यांच्यात निवड करावी लागली तर काय, याचे अधिक खोल उत्तर छांदोग्य उपनिषदातल्या उषस्ती चाक्रायणाच्या कथेत आहे. कुरुदेशात गारपीट होऊन पिके गेली. उषस्ती पत्नीसह परक्या गावात आसऱ्याला राहिला. भुकेने व्याकूळ होऊन त्याने एका माणसाकडून उष्टे उडीद मागून खाल्ले. त्या माणसाने पाणी पुढे केले तेव्हा मात्र उषस्ती उष्टे पाणी नको म्हणाला. उडीद खाल्ले नसते तर मेलो असतो, पाणी मात्र मिळवता येईल, हा त्याचा खुलासा. दुसऱ्या दिवशी तोच उषस्ती राजाच्या यज्ञात ऋत्विजांना सांगतो की सामगानातल्या ‘प्रस्ताव’ या भागाची देवता प्राण आहे. आपद्धर्माची मर्यादा याहून नेमकी क्वचितच कुणी आखली असेल: जीव वाचायला जेवढे लागते तेवढेच मोडायचे, सोयीसाठी मोडायचे नाही. दमेकऱ्याच्या स्थलांतराला हा नियम लावला तर प्रश्न स्वच्छ होतो. परदेशाची हवा उडीद आहे की पाणी? तिच्यावाचून जीव जाणार आहे, की ती फक्त मिळाली तर बरी?

मराठी परंपरेत देशाचा विचार सर्वांत काटेकोरपणे केला तो महानुभावांनी. चक्रधरस्वामींनी शिष्यांना महाराष्ट्रातच राहायला सांगितले आणि कानडी व तेलुगू मुलखांत जायला मनाई केली. त्या देशांत विषयांची रेलचेल आहे, हे कारण. नांदेड जिल्ह्यातला देगलूरसारखा तालुका तर त्या दोन्ही मुलखांना टेकलेला आहे, आणि आज तिथला रोगी बिदर किंवा हैदराबादच्या दवाखान्यात सहज जातो. स्वामींची मनाई भाषेच्या अभिमानातून आलेली नव्हती. भूमीचा परिणाम आचारावर होतो, ही त्यामागची धारणा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही योगाभ्यासाच्या जागेचे वर्णन असेच येते. निर्मळ पाणी, दाट झाडी, सौम्य ऊन आणि अगदी मंद झुळूक असलेली ती जागा आहे. ज्याला श्वासावर लक्ष ठेवून बसायचे आहे त्याला हवा कशीही चालत नाही, हे ज्ञानेश्वर गृहीतच धरतात.

याच्या उलट टोकाला रोमन तत्त्वज्ञ सेनेका दिसतो. आभाळ बदलून माणूस बदलत नाही, मन बदलावे लागते, असे तो मित्राला बजावतो. पण हाच सेनेका आयुष्यभर श्वासाचा रोगी होता. धाप लागण्याच्या झटक्यावर त्याने एक अख्खे पत्र लिहिले आहे, आणि वैद्य या झटक्याला मरणाची तालीम म्हणतात असे त्यात नोंदवले आहे. तरुणपणी प्रकृतीसाठी तो इजिप्तमध्ये मावशीकडे राहिला असे मानतात. उतारवयात रोमची कोंदट हवा आणि स्वयंपाकघरांचा धूर मागे टाकून तो आपल्या मळ्यावर गेला आणि लगेच हुशारी वाटल्याचे त्याने लिहून ठेवले. यात ढोंग नाही. दुःख आणि धाप या दोन वेगळ्या व्याधी आहेत. आभाळ बदलून पहिली जात नाही, दुसरी कधी कधी जाते.

‘कधी कधी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. न्यूझीलंड, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया हे समशीतोष्ण देश, आणि दम्याचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत त्यांचीच नावे घेतली जातात. सौम्य आणि दमट हवेत गाद्यागिरद्यांतले सूक्ष्म धूळकिडे आणि बुरशी सुखाने वाढतात; कोरड्या उंच डोंगराळ भागात ते टिकत नाहीत. शिवाय नव्या देशात नवे परागकण भेटतात आणि काही वर्षांनी शरीर त्यांच्याशी भांडू लागते. मेलबर्नमध्ये 21 नोव्हेंबर 2016 रोजी वादळाने गवताचे परागकण फोडून हवेत पसरवले आणि हजारो लोकांना एकाच संध्याकाळी धाप लागली. दहा माणसे दगावली. बाधितांत भारतीय आणि आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने बरेच जास्त होते, आणि अनेकांना आपल्याला दमा आहे हे त्या दिवसापर्यंत माहीतही नव्हते.

ज्या बायकांनी तीस-चाळीस वर्षे चुलीपुढे फुंकणी फुंकली त्यांचा श्वासविकार बहुधा दम्याहून वेगळा असतो. त्यांच्या फुप्फुसाची झीज कुठल्याही देशाची हवा भरून काढत नाही. अशा रोग्याला विमानप्रवासही जपून करावा लागतो, कारण केबिनमधली हवा दोन हजार मीटरच्या आसपासच्या डोंगरावरच्या हवेइतकी विरळ असते.

श्रद्धेने या प्रश्नावर स्वतःचा एक तोडगाही काढला आहे. मृगाला हैदराबादेत बथिनी गौड कुटुंब दम्याच्या रोग्यांना पिवळा लेप भरलेला जिवंत मासा गिळायला देते, आणि महाराष्ट्रातूनही माणसे तिथे रांगेत उभी असतात. शाकाहाऱ्यांना तोच लेप गुळातून मिळतो. विवेकवाद्यांनी आक्षेप घेतल्यावर पूर्वीच्या ‘औषधा’ला ‘प्रसाद’ म्हटले जाऊ लागले. लेपाच्या गुणाला वैज्ञानिक आधार नाही. एवढे मात्र खरे की ही वारी देश सोडायला सांगत नाही. माणूस जातो आणि परत आपल्या घरी येतो.

आत्रेयांच्या त्या संवादातला एक भाग सहसा विसरला जातो. वायू बिघडतो कशामुळे, तर अधर्मामुळे, आणि त्या अधर्माची सुरुवात राज्य करणाऱ्यांपासून होते, असे ते सांगतात. हवा ही सगळ्यांची मिळून असलेली गोष्ट आहे. ज्याचा मुलगा परदेशी आहे तो जाईल; जिनिंगमध्ये तूस झाडणारी मजूर बाई आणि पाचटाच्या धुरात राहणारा ऊसतोड कामगार कुठे जाणार? गेलेल्याला दोष देण्याचे कारण नाही, पण विष्णुपुरीची हवा सुधारण्याचे काम त्याच्या जाण्याने संपत नाही.

तेव्हा निवाडा असा: देश सोडण्यात पाप नाही आणि मोक्षही नाही, ते एक औषध आहे, आणि औषधासारखेच ते तपासून घ्यावे. आधी इथेच इनहेलर नियमित घ्यावा, चुलीऐवजी गॅस वापरावा, ओल काढावी. एवढे करूनही धाप थांबत नसेल तर जरूर जावे, पण घरदार विकण्यापूर्वी तिथला सर्वांत वाईट ऋतू एकदा राहून पाहावा. तो कुठला, हे जाहिरातीत सापडत नाही. तिथल्या दमेकऱ्यांना विचारावे लागते.