शुभ्र आणि शून्य

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर एकाच पाषाणात कोरलेले लहानसे चतुर्भुज मंदिर आहे. तेथील विक्रम संवत् ९३३, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद भूमी दिल्याचे, आणि माळ्यांनी देवास नित्य ५० माळा पुरवाव्यात असे नमूद आहे. या अंकांतील चिमुकली वर्तुळे म्हणजे शून्यचिन्हाच्या, काल निश्चित असलेल्या अतिप्राचीन नमुन्यांपैकी होत. शून्याला किंमत नाही असे आम्ही सहज म्हणतो; परंतु ५० मधील शून्य पुसले तर देवाच्या गळ्यात पाचच माळा उरतील!

आमच्या जुन्या गणितकारांनी शून्यासाठी ‘ख’, ‘गगन’, ‘अंबर’ हे शब्द तर योजलेच, पण ‘पूर्ण’ हाही योजला. आकाशाचे रितेपण खरोखरच तसे आहे. तारकांमधील जो अवकाश आम्हांस निव्वळ पोकळी भासतो, तो सूक्ष्मलहरींच्या अतिक्षीण प्रारणाने सर्वत्र भरलेला आहे, हे १९६५ साली जगापुढे आले.

शुभ्र वर्णाचेही असेच. तो रंगाचा अभाव नसून सर्व रंगांचा मेळ आहे, हे न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने दाखविले व १६७२ साली प्रसिद्ध केले. २००२ साली ग्लेझब्रुक व बाल्ड्री या ज्योतिर्विदांनी सुमारे दोन लक्ष दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला. प्रथम तो फिकट हिरवट-निळा असल्याचे त्यांनी जाहीर केले. मागाहून ध्यानी आले की, गणनेत शुद्ध पांढरे कशास म्हणावे याचे प्रमाणच चुकले होते. सुधारलेले उत्तर निघाले सायीसारखे पांढरे.

प्रमाण चुकणे हे काही ज्योतिर्विदांपुरतेच नाही. सरस्वतीच्या शुभ्र वस्त्रापुढे आम्ही हात जोडतो, आणि त्याच मुखाने ‘पांढरे कपाळ’, ‘पांढऱ्या पायाची’ असे शब्द उच्चारतो. पती निवर्तला म्हणजे स्त्रीचे जीवन शून्य झाले, असे आम्ही धरून चालतो, आणि शून्य म्हणजे काहीच नव्हे, असेही. वास्तविक आपल्याच पूर्वजांच्या अनेक घरांत विधवेचे आलवण तांबडे असे. तेव्हा अशुभ त्या रंगात नव्हते, आमच्या दृष्टीत होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका खेड्याला जे सुचले, ते आम्हां शहरवासी, सुशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींना अद्याप पचत नाही, हे लिहिताना संकोच वाटतो.

गतवर्षी चैत्रातील हळदीकुंकवाच्या दिवशी एक वृद्ध भगिनी पहाटेपासून सभामंडपात मोगऱ्याच्या माळा गुंफीत बसल्या होत्या. दुपारी सुवासिनी जमू लागताच, कोणी न सांगता, त्या उठून मागच्या खांबाआड जाऊन बसल्या. आमच्यापैकी कोणीही त्यांना पुढे बोलाविले नाही. त्यांच्या माळा मात्र तेव्हा देवाच्या गळ्यात होत्या.