एकट्याची चूल आणि तिसरा अध्याय



हिंदीत आणि गुजरातीत ज्याला रसोई म्हणतात, बंगालीत रान्ना म्हणतात, त्याला आपल्या मराठीने 'स्वयंपाक' हे नाव दिले आहे. स्वयं म्हणजे स्वतः आणि पाक म्हणजे शिजवणे. स्वतःचे अन्न स्वतः रांधून खाणारा तो स्वयंपाकी, असा या शब्दाचा मूळ अर्थ. पुढे भाषेत मोठी गंमत झाली. घरातल्या एकटीने दहा माणसांचे रांधले तरी तो स्वयंपाकच ठरला, आणि पगार देऊन माणूस ठेवला तर त्यालाही आपण स्वयंपाकीच म्हणू लागलो. ज्याने खावयाचे त्याला शिजवताही यावे, हा त्या शब्दाच्या पोटातला अर्थ तेवढा गळून पडला. मुलग्यांच्या बाबतीत तर तो समूळ गळाला.

हे सुचण्यास कारण एका तरुण वाचकाचे पत्र. हा मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूत एका खोलीत एकटाच राहतो. आईचे निधन झाले तोवर त्याने चहापलीकडे काही केलेले नव्हते. आता तो वरणभात, पिठले, एखादी भाजी हळूहळू शिकला आहे. परंतु गीतेचा तिसरा अध्याय वाचताना तेराव्या श्लोकाशी तो अडला. यज्ञात अर्पण करून उरलेले खाणारे संत पापमुक्त होतात आणि जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असे भगवंत तेथे सांगतात. त्याने विचारले आहे, "माझ्याकडे खाणारा दुसरा कोणीच नाही. मग मी रोज काय खातो?"

प्रश्न भाबडा वाटेल, पण तसा तो नाही. भाषांतराच्या कामात आयुष्याचा बराच काळ गेलेल्या माझ्यासारख्याला तो थेट शब्दापाशी नेतो. मूळ श्लोकात 'आत्मकारणात्' असे पद आहे. येथील कारण म्हणजे हेतू, प्रयोजन. ताटे किती मांडली याचा हिशेब भगवंत करीत नाहीत. चूल कोणत्या हेतूने पेटली एवढेच पाहतात. पन्नास पाने उठवूनही यजमानाची दृष्टी आपल्या मोठेपणावर असेल, तर ते सगळे अन्न आत्मकारणच होय. उलट एका माणसाने एक वाटी तांदूळ लावला आणि हे शरीर ज्या कर्तव्यासाठी मिळाले त्यासाठी ते टिकावे अशी त्याची बुद्धी असली, तर ताट एकच असूनही हेतू एकट्याचा राहत नाही. कर्मावाचून शरीरयात्रादेखील चालावयाची नाही, हे त्याच अध्यायातील आठव्या श्लोकाचे सांगणे आहे. म्हणजे शरीरयात्रेला गीता तुच्छ लेखीत नाही.

आणखी एक गोष्ट. पंधराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंत म्हणतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन मीच राहतो आणि प्राणापानांच्या योगाने चतुर्विध अन्न मीच पचवितो. मग एकट्याच्या खोलीत जेवणारा 'दुसरा' नाही असे कसे म्हणता येईल? ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याची आणि प्राणाहुती घेण्याची आपली रीत या जाणिवेतून आलेली आहे. आज ती पुष्कळ घरांतून गेली. जेथे आहे तेथेही हात आपोआप फिरतो आणि मन बातम्यांकडे असते.

असो. त्या मुलाला पापाची धास्ती वाटते. मला मात्र तेराव्यापेक्षा बाराव्या श्लोकाची धास्ती अधिक वाटते, आणि ती त्याच्यासाठी नव्हे. देवांनी दिलेले भोग त्यांना काहीही परत न देता जो भोगतो त्याला तेथे 'स्तेन', म्हणजे चोर, म्हटले आहे. वीस-पंचवीस वर्षे दोन्ही वेळा गरम पोळी ताटात पडते आणि ती लाटणारा हात कधी थकतो की नाही हे ज्याने एकदाही पाहिले नाही, त्याला या श्लोकातून सुटका कशी मिळणार? आपल्या घरांतून सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणारी जी व्यक्ती असते, तिने यज्ञशिष्ट हा शब्द ऐकला नसेल, पण ती तेच खाते. तिचे गुणगान करून आपण मोकळे होतो, आणि पोरगा बावीस वर्षांचा झाला तरी त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. हे गुणगान मला फारसे रुचत नाही. यज्ञाचे चक्र सर्वांनी मिळून फिरवावयाचे असते. एकीने फिरवावे आणि इतरांनी त्यावर बसून फेऱ्या घ्याव्यात, असे सोळाव्या श्लोकात कोठेही म्हटलेले नाही.

पुरुषाने चुलीजवळ जाणे हलके, ही समजूत शास्त्राची तर नाहीच. अज्ञातवासात भीमसेन विराटाच्या पाकशाळेत बल्लव होऊन राहिला. बाहुक झालेल्या नळाला दमयंतीने ओळखले त्या खुणांत त्याच्या हातच्या पाकाची चव ही एक खूण होती. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद आजही पुरुष सेवकच मातीच्या भांड्यांतून रांधतात.

अलीकडचे उदाहरण महात्मा गांधींचे. १८८८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते कायदा शिकण्यास लंडनला गेले. मांस व मद्य शिवणार नाही असे वचन त्यांनी आईला दिले होते. काही काळाने खर्च आटोक्यात आणण्यासाठी त्यांनी एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची न्याहारी स्वतः करू लागले. ओटच्या भरडीची लापशी आणि कोकोसाठी उकळलेले पाणी, एवढाच तो पाक; त्याला जेमतेम वीस मिनिटे लागत, असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले आहे. दिवसाचा सारा आहार एक शिलिंग तीन पेन्सात भागू लागला. याच लंडनच्या मुक्कामात दोघा थिऑसफिस्ट बंधूंच्या संगतीने, एडविन आर्नल्डच्या इंग्रजी पद्यानुवादातून, त्यांनी प्रथम गीता वाचली. १९३० मध्ये 'अनासक्तियोग' या नावाने गीतेचा गुजराती अनुवाद प्रसिद्ध करणाऱ्या पुरुषाची गीतेशी पहिली ओळख आणि स्टोव्हशी पहिली ओळख विद्यार्थिदशेतील त्या तीन वर्षांतच झाली, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

आता शिकण्याविषयी. नवशिक्याचा भात कधी खाली लागतो, कधी वर कच्चा राहतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला जास्त, हे पुस्तकात वाचून हातात येत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. दोष हाताचा नसून पिठाचा आहे हे कळावयासही दहा भाकऱ्या मोडाव्या लागतात. अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की धुराने अग्नी झाकलेला असावा तसे सर्वच आरंभ दोषाने झाकलेले असतात, म्हणून वाट्याला आलेले कर्म सदोष आहे एवढ्यासाठी टाकू नये. ज्याने ओली लाकडे फुंकली आहेत त्याला या दृष्टांताचे भाष्य लागत नाही. गॅसच्या शेगडीला धूर नाही, पण करपलेल्या फोडणीला आहे.

नैवेद्याच्या स्वयंपाकाची एक शिस्त येथे सांगण्याजोगी आहे. देवाला दाखवण्यापूर्वी अन्न चाखावयाचे नसते. त्यामुळे मिठाचा अदमास जिभेने न घेता हाताने आणि डोळ्याने घ्यावा लागतो. आमच्या पाठशाळेत पाळीपाळीने स्वयंपाक असे, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी आम्हांला पहिल्याने हेच शिकवीत: चिमूट किती, पातेले केवढे, पाणी कोठवर. नंतर जेवणाराने कपाळाला आठी घातली तरी आपण वाढत राहावयाचे. फलावर हक्क नाही हे वाक्य पाठ असणारे पुष्कळ. पहिल्या घासानंतर जेवणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता पुढची पोळी लाटणारे थोडे.

सतराव्या अध्यायातील आहाराचे तीन प्रकार वाचताना मराठी वाचकाची एका शब्दाने फसगत होते. राजस आहारात पहिला शब्द 'कटु' आहे. मराठी कडू हा त्यातूनच आला, पण संस्कृतात कटु म्हणजे तिखट, मिरी-आल्यासारखे. कडू तो तिक्त. म्हणून कारल्याने बिचकण्याचे कारण नाही. आपली लाल मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिचा विचार त्या श्लोकाला करावाच लागला नाही. शिवाय 'अति' हा शब्द त्या साऱ्यांना लावावा, असे श्रीशंकराचार्य सांगतात. तेव्हा खटकते ते मीठ-तिखटाचे आधिक्य.

त्यांचेच दुसरे एक स्पष्टीकरण नवशिक्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. तामस आहारातील 'यातयाम' याचा अर्थ बहुतेक जण प्रहर उलटून गेलेले, निवलेले असा करतात. आचार्यांनी त्याचा अर्थ नीट न शिजलेले असा केला आहे. कारण रस गेलेले अन्न पुढच्याच 'गतरस' या शब्दात येऊन जाते. म्हणजे घाईने अर्धवट उतरवलेला भातही तामसात जमा. शीत बोटांत दाबून पाहण्याची आजीची सवय अशी थेट भाष्याला जाऊन मिळते.

राहिले 'पर्युषित', म्हणजे शिजल्यावर मध्ये रात्र गेलेले. रविवारी आठवड्याच्या भाज्या करून फ्रिजमध्ये ठेवतो, हे चालेल काय, असेही त्या मुलाने विचारले आहे. फ्रिजने अन्न नासण्याचे लांबते. रात्र जावयाची थांबत नाही. तरीही दहा-दहा तास काम करून परतणाऱ्याने बाहेरचे तेलकट मागवण्यापेक्षा घरची कालची भाजी तापवून घ्यावी, असेच मी त्याला लिहिले. भात मात्र रोज ताजा लावावा, आणि मूठभर जास्त लावावा. शेजारच्या खोलीतला कोणी उशिरा येतो, कोणी आजारी असतो, खिडकीवर कावळा तर असतोच. एका माणसाच्या भाताला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पंधराव्या अध्यायाचे श्लोक वीसच आहेत. आच मंद करून सावकाश, अर्थ मनात आणीत म्हटले, तर वैश्वानराच्या श्लोकापर्यंत येतायेता पाणी आटू लागलेले असते.