आधी आणि मग

आमच्या वस्तीत एक पोरगा होता. नाव सांगत नाही. चौदा एप्रिलची सगळी बॅनरं तोच रंगवायचा. ब्रश हातात घेतला की चष्मा, कोट, हातातलं पुस्तक, बघता बघता बाबासाहेब उभे राहायचे. पण मिरवणूक निघाली की त्याला मागं ढकलायचे. का? तर चालणं बायकी. कुणी 'बायल्या' म्हणायचं, कुणी 'छक्का'. मीही हसलोय. एकदा नाही, पुष्कळदा.

एका रात्री विहाराच्या ओट्यावर तो मला म्हणाला, "दादा, मला पोरी आवडत नाहीत. पोरं आवडतात. काय करू?" मी पुढारी माणूस. म्हणालो, "हे बघ, आधी चळवळ. तुझं हे मग बघू."

पुढच्या वर्षी बॅनर दुसऱ्यानं रंगवलं. तो कुठं गेला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दोस्तहो, हा 'आधी-मग'चा हिशोब आपण नीट ओळखतो. तो आपल्याच उरावर बसला होता. आधी स्वराज्य, मग समाजसुधारणा, असं म्हणणाऱ्यांनी 1895 साली पुण्यात सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मंडपात जागा मिळू दिली नाही. परिषदेनं वेगळा मंडप घालायचं म्हटलं, तर जाळून टाकण्याची धमकी. बाबासाहेबांनी ही हकीगत 1936 साली 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये सांगितली आहे. ज्याचं दुखणं 'मग'मध्ये ढकललं जातं, त्याची पाळी कधीच येत नाही. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तरी मी तेच बोललो.

आता 1934 सालाकडे या. पुणे करार होऊन दोन वर्षं झालेली. येवल्याची घोषणा अजून वर्षभर लांब. बाबासाहेबांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, असा तो काळ. तेव्हा रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवत होते. 1927 पासून एकट्यानं, पदरमोड करून. वाचक लैंगिक प्रश्न विचारत, कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. त्यातल्या समलिंगी संबंधांवरच्या आणि हस्तमैथुनावरच्या उत्तरांवरून सनातन्यांनी अश्लीलतेचा खटला भरायला लावला. वकीलपत्र घेतलं बॅरिस्टर आंबेडकरांनी. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

इथं आपण खोटं बोलू नये. बाबासाहेबांनी समलिंगींच्या हक्कांची चळवळ चालवली, असं मी म्हणत नाही. भक्तिभावानं इतिहास फुगवायचा धंदा दुसऱ्यांचा, आपला नव्हे. त्यांनी लढवला तो एका संपादकाचा उत्तर देण्याचा हक्क. पण विचार करा, ह्या खटल्यातून त्यांना काय मिळणार होतं? मत नाही, माणूस नाही, पैसाही नाही. आशील चित्पावन ब्राह्मणाचा मुलगा, विषय असा की सभ्य माणूस कानावर हात ठेवील. त्यांनी 'आधी माझा समाज, मग तुमचं मासिक' म्हटलं नाही.

आजचे पुढारी बघा. 1860 च्या इंग्रजी दंडसंहितेतलं कलम 377 बदलावं म्हणून शशी थरूर यांनी डिसेंबर 2015 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणायला परवानगी मागितली. नुसतं मांडायची परवानगी! बाजूनं 24, विरोधात 71. सभागृह 543 जागांचं. उरलेल्यांचं काय, ते तुम्हीच समजा. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात पाळी आली तेव्हा सरकार म्हणालं, कोर्टाच्या विवेकावर सोडतो. म्हणजे मतदारालाही दुखवायचं नाही आणि जगालाही. 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांनी संमतीच्या संबंधांवरचा तो गुन्हा पुसला, तो 'संविधानिक नैतिकते'च्या आधारावर. हा शब्द 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत कुणी समजावून सांगितला होता, ते ह्या पानांच्या वाचकाला माहीत आहे. आपला शब्द कोर्टात त्यांच्या कामी आला, आणि आपण ओट्यावर हसत बसलो.

2023 मध्ये लग्नाच्या हक्काचा खटला चालला, तेव्हा सरकारनं लिहून दिलं की ही शहरी उच्चभ्रूंची मागणी आहे. हे वाचून मला सणकच गेली. कारण आमच्या बैठकीतही तेच बोलतात, "हे बामणांच्या, बंगलेवाल्यांच्या पोरांचं फॅड." मग आमच्या पत्र्याच्या खोलीतला तो पोरगा कोण होता? कुठला बंगला त्याचा? (लग्नाचा हक्क कोर्टानं 17 ऑक्टोबर 2023 ला दिला नाही, ते वेगळं.)

त्या बाजूलाही जात आहे, हे मी विसरत नाही. 2015 मध्ये मुंबईच्या एका दैनिकात एका आईनं आपल्या समलिंगी मुलासाठी वर पाहिजे, अशी जाहिरात दिली. मोठं धाडस. पण खाली पसंती कुणाला? आपल्याच जातीच्याला. म्हणजे पोराच्या पोराशी लग्नालाही जात लागते! त्यांच्या मोर्चात आमचा पोरगा गेला, तर तिथं आडनाव विचारलं जाईल. आमच्यात राहिला, तर चाल बघून हसतील. त्यानं जायचं कुठं?

आणि आपल्या घोषणा? विरोधी पुढाऱ्याचा निषेध करायचा तर आपण त्याला बांगड्यांचा आहेर पाठवतो, 'हिजडा' म्हणतो. आपल्या जातीचं नाव ह्या देशात शिवी म्हणून वापरलं गेलं. आपण दुसऱ्याच्या जन्माची शिवी करतो आणि वर जय भीम म्हणतो.

येत्या बैठकीत हे सगळ्यांसमोर बोलणार आहे. आधी माझं हसणं, ओट्यावरचं ते 'मग' सांगणार, नंतर घोषणांचं काढणार. कोण उठून जाईल, ते जावो. त्या पोराची आई अजून वस्तीतच राहते. त्याचा पत्ता तिच्याकडे असेल. तिच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलोय.