आठवण कुणी ठेवायची?

मधुमेह किंवा रक्तदाब जडलेल्या माणसाला आपल्याकडे गोळीआधी उपदेश मिळतो. मोबाइल आल्यावर पुष्कळ ठिकाणी फरक पडला तो एवढाच, की उपदेश खिशात येऊन पडू लागला. भात कमी करा, चालायला जा, गोळी चुकवू नका.

हे अगदीच वाया जातं असं नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 पुरुषांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आहार-व्यायामाचे एसएमएस नियमित जात होते. दोन वर्षांत त्यांच्यापैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी 27 टक्क्यांना. जवळजवळ फुकटात एवढा फरक! पण हे सगळे नोकरदार पुरुष होते. फोन स्वतःचा, वाचता येणारे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात 54 टक्केच निघाल्या. सिंधुदुर्गातल्या एखाद्या म्हातारीच्या केसपेपरवर नंबर असतो तो मुलाचा, आणि मुलगा चाकरमानी. आईने गोळी घ्यावी हा निरोप त्याला लोकलमध्ये मिळतो.

दुसरी तऱ्हा पाळतीची. क्षयरोगासाठी आलेल्या ‘99डॉट्स’मध्ये पाकिटातून गोळी काढली की मागे दडलेला नंबर दिसायचा आणि त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. कल्पना झकास, आणि मिस्ड कॉल तर आपला राष्ट्रीय खेळच. मात्र लघवी तपासून पडताळणी झाली तेव्हा कॉलची नोंद आणि पोटात गेलेली गोळी यांचा मेळ बऱ्याचदा बसला नाही. कॉल देऊन गोळी न घेणारे होते, तसे गोळी घेऊन कॉल न देणारेही.

या दोन्ही तऱ्हांत गृहीत एकच: विसरतो तो रुग्ण. मला हे गृहीतच खटकतं. वीस-पंचवीस वर्षं सोबत राहणाऱ्या आजारात विसराळू कोण असेल, तर बहुधा दवाखाना. केसपेपर गठ्ठ्यात गेला की ती बाई परत आली की नाही, हे कुणाला ठाऊक असतं?

म्हणून 2017 मध्ये सुरू झालेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम मला मोलाचा वाटतो. महाराष्ट्रात त्याची सुरुवात सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा, वर्धा अशा जिल्ह्यांतून झाली. त्यातलं ‘सिंपल’ हे अ‍ॅप सिस्टरच्या हातात असतं. रुग्णाकडे फक्त क्यूआर कोडचं कार्ड. कार्ड स्कॅन करायचं, 154/92 असे दोन आकडे टाकायचे, औषध नोंदवायचं, झालं. तारीख उलटून गेलेल्यांची यादी अ‍ॅपच काढून देतं आणि सिस्टर फोन लावते: “आजी, गोळ्या संपल्या असतील ना? आला नाहीत?”

मग खरी कारणं कळतात. काजूचा हंगाम आहे, मजुरी बुडते. डोकं दुखत नाही, मग गोळी कशाला? किंवा, “मागच्या खेपेला आले तर गोळ्याच नव्हत्या.” या शेवटच्या उत्तरावर सिस्टर काय बोलणार? अ‍ॅम्लोडिपिनसारखी स्वस्त गोळी केंद्रात नसेल, तर आठवणीचा फोन ही थट्टाच ठरते. तरी याच नोंदींतून कोणत्या केंद्रातल्या किती जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला हेही दिसतं. म्हणजे हजेरी फक्त आजीची लागत नाही, केंद्राचीही लागते.

रुग्णांसाठी नवं अ‍ॅप घेऊन कुणी आरोग्य खात्याच्या दारात आलं, तर त्याआधी दोन हिशेब मागावेत: महिनाभर पुरतील एवढ्या गोळ्या केंद्रात आहेत का, आणि हे फोन करायला सिस्टरला ओपीडीच्या गर्दीतून मोकळा वेळ कोण देणार आहे.